गेटच्या आत गाडी चालवायला लायसन लागतं का? (फोर्कलिफ्ट, हायड्रा, ट्रॅक्टर, डंपर)

साच्यातली_माती

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका मध्यम फाउंड्रीत (लोखंड ओतकामाच्या कारखान्यात) मी हजेरी, पगार आणि त्याच्या जोडीला सेफ्टीचं काम बघते. आमच्याकडं तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट आहे, हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) लागेल तशी भाड्यानं येते, आणि भंगार व जळकी वाळू ओढायला एक ट्रॅक्टर आहे. फोर्कलिफ्टवरचे मामा पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. त्यांच्या जागी फेटलिंगमधल्या (ओतलेले भाग घासून साफ करायच्या विभागातल्या) एका एकोणीस वर्षांच्या पोराला बसवायचं घाटतंय. पोरगा गुणी आहे, गावाकडं घरचा ट्रॅक्टर चालवतो. लायसन मात्र फक्त दुचाकीचं.

मी शंका काढली तर वरून उत्तर आलं, "गेटच्या आत आरटीओ येत नाही." हे कितपत खरं आहे? कायद्यानं लायसन लागत नसेल तर मग काय लागतं? प्रशिक्षण कोण देतं, त्याचा कागद कोण देतं? माझं मत सांगून टाकते. लायसन लागो न लागो, नीट शिकवल्याशिवाय त्या पोराला सीटवर बसवू नये. पण नुसतं मत घेऊन मीटिंगला बसता येत नाही, म्हणून हा धागा. सगळ्यांनी आपापल्या साइटवर काय चालतं ते लिहा. कारखान्याची नावं नकोत.

तांबडा_रस्सा

पहिला नंबर लावून ठेवतो. ताई, त्या पोराला आधी रिव्हर्स घेऊन दाखवायला सांगा. पुढं काय, कुणीबी पळवतंय.

डिझेलदादा

रस्साभाऊ गमतीनं बोलले, पण मुद्द्याचं बोलले. माझं आयुष्य क्रेन आणि फोर्कलिफ्टवर गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रॅक्टर येतो म्हणजे फोर्कलिफ्ट येते, हा समज पहिला काढा. ट्रॅक्टर पुढच्या चाकांवर वळतो, फोर्कलिफ्ट मागच्या. स्टिअरिंग जरा जास्त फिरवलं की मागचं काउंटरवेट (तोल राखणारं जड लोखंड) बाहेर फेकल्यासारखं येतं, आणि तिथं उभा असलेला माणूस ड्रायव्हरला दिसतच नाही. नवीन पोराची नजर फोर्कच्या टोकावर असते. तीन टनी गाडी रिकामी असतानाच चार टनांच्या वर भरते. ती भिंतीकडं सरकली आणि मधे माणूस असला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

दुसरी गोष्ट प्लेटची. सीटसमोर क्षमतेची प्लेट असते, तिच्यावर ३००० किलो लिहिलेलं असतं. पण त्याच्या शेजारी ५०० मिलिमीटर असंही लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. फोर्कच्या टाचेपासून वजनाचा मध्य ५०० मिलिमीटरवर असेल तर ३००० किलो, असा त्याचा अर्थ. लांब मोल्डिंग बॉक्स (साच्याची पेटी) उचलला की मध्य पुढं जातो आणि क्षमता कित्येक शे किलोंनी खाली येते. वजन तेवढंच, पण मागची चाकं हलकी होतात, आणि मागची चाकं हलकी झाली की स्टिअरिंगच जातं.

आणि शेवटचं, गाडी कलंडायला लागली तर उडी मारायची नाही. पट्टा लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरायचं, ज्या बाजूला पडतीय त्याच्या उलट बाजूला अंग टाकायचं. उडी मारणारा वरच्या लोखंडी छपराखाली सापडतो. ट्रॅक्टरवरून आलेल्या पोराला हे ठाऊक नसणार, कारण शेतातल्या बहुतेक ट्रॅक्टरांना ना छप्पर असतं ना पट्टा.

पंचगंगाकाठ

+१ डिझेलदादा. प्लेटचा मुद्दा आजवर मला कुणी सांगितला नव्हता. आमच्या शेडमधल्या प्लेटवर तर रंग मारलाय.

डिझेलदादा

मग तो उद्याच खरवडून काढा.

काळाकोट

कायद्याचं मी लिहितो. जरा लांबेल, पण इथं अर्धवट सांगितलं की घात होतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ३ म्हणतं की सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायला वैध लायसन पाहिजे. सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथं जायचा लोकांना हक्क आहे ते. आणि कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतून काही वाहनं वगळली आहेत. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेलं वाहन त्यात येतं. म्हणजे जी फोर्कलिफ्ट कधीही गेटबाहेर जात नाही, तिच्यासाठी आरटीओचं लायसन लागत नाही, हे वरवर बरोबर आहे. तुमच्या वरिष्ठांनी सांगितलेलं तेवढ्यापुरतं खरं.

पण ट्रॅक्टरला हे लागू नाही. ट्रॅक्टर रस्त्यावर चालण्याजोगाच बनवलेला असतो. कलम ३९ नुसार मोटार वाहनाची नोंदणी सार्वजनिक ठिकाणीच नव्हे, 'इतर कोणत्याही ठिकाणी' चालवतानाही लागते. तो भंगार आणायला बाहेर पडत असेल तर चालकाला लायसनही पाहिजे. दुचाकीच्या लायसनवर ट्रॅक्टर चालत नाही. बिगर लायसनवाल्याच्या हातात गाडी दिली तर कलम १८० खाली मालकही अडकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथं तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे.

हायड्रा तुमच्याकडं रस्त्यानं येते, तेव्हा तिची नोंदणी, विमा आणि चालकाचं लायसन गेटवरच बघा. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर फोर्कलिफ्ट, क्रेन, लोडर, रोड रोलर असे वेगळे वर्ग आहेत. "माझ्याकडं ट्रकचं लायसन आहे" यावर समाधान मानू नका, कोणता वर्ग आहे ते वाचा.

आता एक प्रश्न. तुमची फोर्कलिफ्ट कधीच गेटबाहेर जात नाही, हे नक्की का?

साच्यातली_माती

काळाकोट साहेब, तुम्ही बरोबर तिथंच बोट ठेवलंत. आमचं पॅटर्नचं (साचा काढायच्या नमुन्यांचं) शेड रस्त्यापलीकडं आहे. दिवसातनं बऱ्याच वेळा फोर्कलिफ्ट रस्ता ओलांडून तिकडं जाते. वॉचमन हात करतो आणि गाडी जाते. एमआयडीसीचाच अंतर्गत रस्ता आहे, पण एसटी आणि शाळेच्या गाड्याही तिथनंच जातात.

काळाकोट

मग तो सार्वजनिक रस्ता झाला. फोर्कलिफ्ट फक्त आवारातच वापरतो हा तुमचा बचाव तिथं लंगडा पडतो. तो रस्ता ओलांडणं बंद करा, नाहीतर नोंदणी, विमा, लायसन सगळं करून घ्या. मधला मार्ग मला दिसत नाही.

तांबडा_रस्सा

गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल, कुठंबी जावा, निम्म्या कारखान्यांचं एक शेड इकडं आन् एक पलीकडं. हा धागा आख्ख्या एमआयडीसीला पाठवा कुणीतरी.

खडीमशीन

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आमची खडी मशीन आहे, पोकलेन आहे, डंपर आहेत. इथं सगळे सर्टिफिकेट, प्रशिक्षण म्हणतायत. मी सर्टिफिकेटवाले ऑपरेटर बघितलेत. कागद घेऊन आला, पहिल्याच दिवशी बकेट डंपरच्या फाळक्यावर आपटली. आणि माझ्याकडं एक माणूस आहे, शाळा चौथी, पोकलेननं अंडं उचलून ठेवेल असा हात. त्याला कागद नाही म्हणून घरी बसवू का? शिवाय पोराला शिकवून तयार केलं की दोन हजार जास्त देणारा दुसरा उचलून नेतो. लहान धंदेवाल्यानं किती ठिकाणी पैसे घालायचे?

नियम करणाऱ्यांनी आमच्या माळावर येऊन बघावं.

सेफ्टी_शूज

खडीमशीन, तुमच्या त्या चौथीवाल्याला घरी बसवा असं इथं कुणीच म्हणत नाही. त्याच्यासारखा माणूस कोणत्याही साइटची ठेव आहे. पण हात चांगला असणं आणि धोका ओळखता येणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि तपासणी दोन्हींची करावी लागते. त्याला विचारून बघा: वरून ११ केव्हीची लाईन गेली असेल तर डंपरचा हौदा कुठं उचलायचा नाही? हौदा तारेला लागलाच तर केबिनमधून उतरायचं का आत बसायचं? आग लागली नसेल तर आतच बसायचं, आणि बाहेरच्यांनी गाडीला हात लावायचा नाही. उतरताना एक हात गाडीला आणि एक पाय जमिनीला लागला की करंट अंगातून जातो. कितीही वर्षं डंपर चालवला तरी हे आपोआप कळत नाही, कुणीतरी सांगावंच लागतं.

माती ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो. लायसन लागत नसलं तरी प्रशिक्षणाची जबाबदारी मालकावर आहेच. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ७अ मध्ये कामगारांना माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख देणं हे भोगवटादाराचं (कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याचं) कर्तव्य म्हणून लिहिलेलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली, तिच्या कलम ६ मध्ये मालकाची कर्तव्यं आहेत. कायद्याचं नाव बदललं, जबाबदारी तीच राहिली. वसाहतीतल्या कारखान्यांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं कार्यालय कोल्हापुरात आहे. तिथं जाऊन विचारायला संकोच करू नका, विचारणाऱ्याला ते हाकलत नाहीत.

प्रत्यक्षात चांगल्या कारखान्यांत काय करतात ते सांगतो. माणसाची डोळे आणि कानांची तपासणी होते. मग वर्गात बसवून यंत्राची माहिती, मग मोकळ्या जागेत रिकाम्या पॅलेटवर सराव, मग जुन्या ऑपरेटरच्या नजरेखाली खरं काम, आणि शेवटी परीक्षा. पास झाला की कंपनी त्याला लेखी परवाना-पत्र देते. त्याच्यावर फोटो, यंत्राचं मॉडेल, क्षमता, कुठल्या भागात चालवायचं आणि मुदत. किल्ली फक्त त्या कार्डवाल्याला. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ही शेवटची गोष्ट आहे. किल्ली गाडीलाच लटकत राहिली तर बाकीचं सगळं कागदावर राहतं. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी हौशी बसतोच.

पंचगंगाकाठ

किल्लीचं अगदी खरं. आमच्याकडं तर किल्ली हरवली म्हणून ऑपरेटर स्क्रूड्रायव्हरनं चालू करायचा. म्हणजे कुणीही चालू करू शकतो. नवीन स्विच बसवायला किरकोळ खर्च आला, तोही बरेच दिवस भांडल्यावर मंजूर झाला.

पर्थकर

मूळचा कसबा बावड्याचा, सध्या पर्थजवळ वेअरहाउसमध्ये आहे. इकडची पद्धत सांगतो, तुलना म्हणून.

ऑस्ट्रेलियात फोर्कलिफ्टसाठी रस्त्याच्या लायसनशिवाय वेगळं 'हाय रिस्क वर्क लायसन' लागतं. जागा खाजगी आहे का सरकारी, याचा काही संबंध नाही. वय अठरा पूर्ण पाहिजे, नोंदणीकृत संस्थेत प्रशिक्षण आणि परीक्षा, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. बांधकामावर जायचं तर वेगळं व्हाइट कार्ड. आणि हे सगळं असूनही नवीन साइटवर गेलो की तिथला सुपरवायझर आधी माझ्याकडनं गाडी चालवून घेतो, तिथले उतार, कोपरे, पायी चालायच्या वाटा दाखवतो, मगच कामाला लावतो. लायसन आहे म्हणून कुणी थेट किल्ली देत नाही.

अमेरिकेत तर सरकार फोर्कलिफ्टचं लायसन देतच नाही. तिथं ओशाच्या (कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या) नियमानुसार मालकानंच शिकवायचं, चालवून बघायचं आणि प्रमाणित करायचं, आणि किमान दर तीन वर्षांनी पुन्हा तपासायचं. अपघात झाला किंवा जरा थोडक्यात टळला तरी पुन्हा प्रशिक्षण. सेफ्टी_शूज म्हणतात ती पद्धत याच्या जवळ जाते, आणि आपल्याकडच्या छोट्या कारखान्याला तीच परवडेल.

राधानगरीची_आक्का

पर्थकर, बावड्याचा माणूस तिकडं कसा काय पोचला? तिकडं मिसळ मिळते का?

पर्थकर

मिळत नाही आक्का. कट करायचा मसाला आई पाठवते. पाव इथला गोडसर लागतो, त्याला इलाज नाही.

उसाचं_कांडं

मिसळीवरनं परत यार्डात या. साखर कारखान्याच्या ऊस यार्डाबद्दल कुणीच बोललं नाही, आणि आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त गाड्या खाजगी आवारात तिथंच फिरतात.

हंगामात रात्री यार्डात जाऊन बघा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वजनकाट्यापासून गव्हाणीपर्यंत (ऊस टाकायच्या जागेपर्यंत) रांग. ड्रायव्हर दोन-दोन रात्री जागलेला. नंबर यायला वेळ आहे म्हणून कुणी ट्रॉलीखाली गोधडी टाकून झोपलेलं. बीडकडनं आलेल्या तोडकऱ्यांची लेकरं तिथंच खेळतात. पुढचा ट्रॅक्टर हलला की मागचा हलतो, आणि दोन ट्रॉल्या लावून रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर मागं काय आहे ते ड्रायव्हरला दिसायचा प्रश्नच नाही. हे आवारात आहे म्हणून लायसन कुणी बघत नाही. मिसरूड न फुटलेली पोरं यार्डात ट्रॅक्टर पुढं सरकवतात, कारण बाप चहा प्यायला गेलेला असतो.

आमच्याकडच्या एका कारखान्यानं दोन वर्षांपूर्वी नियम केला: ट्रॉलीखाली झोपायचं नाही, त्यासाठी पत्र्याचं निवारा-शेड, आणि यार्डात ट्रॅक्टर हलवायला लायसनवालाच. आधी लोक चिडले. आता कुणी बोलत नाही, उलट ड्रायव्हर शेडमध्ये सुखानं झोपतात. टोकन पुकारलं की उठतात.

ट्रॅक्टरचं एक बारीक सांगतो, माती ताईंच्या ट्रॅक्टरला पण लागू आहे. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडल असतात, डाव्या चाकाचं आणि उजव्या चाकाचं. शेतात वळवताना एकच दाबतात. रस्त्यावर किंवा आवारात जाताना दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावायची असते. ती न लावता जोरात ब्रेक दाबला आणि पाय एकाच पेडलवर पडला की ट्रॅक्टर गपकन एका अंगाला वळतो, मागं भरलेली ट्रॉली असली तर उलटतोच. तुमच्या पोराला गाडीवर बसायच्या आधी ती पट्टी दाखवायला सांगा. न चाचपडता सरळ तिच्याकडं गेला तर त्याला ट्रॅक्टर येतो असं समजा.

डिझेलदादा

वा कांडं भाऊ. ही खरी परीक्षा.

तांबडा_रस्सा

आन् यार्डातल्या त्या डेकांचं काय? एवढ्या मोठ्यानं गाणी लावलेली असतात की हॉर्न दिलेला पण कळत नाही. गाण्याला माझा इरोध नाही, हंगामात तेवढीच करमणूक. पण यार्डात शिरल्यावर तरी बंद करा राव.

उसाचं_कांडं

त्या नवीन नियमात तेही आहे. गेटच्या आत आवाज बंद. पाळतात बऱ्यापैकी.

नवशिका

मी कळंबा रोडच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक केलंय. मला जेसीबी किंवा फोर्कलिफ्ट ऑपरेटर व्हायचंय. कुठं शिकू? ओळखीचे म्हणतात, कुणाच्या तरी गाडीवर हेल्पर म्हणून दोन वर्षं राहा, आपोआप येतंय. माझी बहीण पण विचारतीय, मुलींना घेतात का?

सेफ्टी_शूज

नवशिका, हेल्पर म्हणून राहिलास तर मशीन चालवायला येईल, पण उस्तादाच्या चांगल्या सवयींबरोबर वाईटही अंगात शिरतील. बांधकाम यंत्रांसाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल आहे, तिच्या अभ्यासक्रमात बॅकहो लोडर ऑपरेटर वगैरे कामं आहेत. फोर्कलिफ्टसाठीही असे अभ्यासक्रम आहेत. यंत्र बनवणाऱ्या कंपन्या आणि त्यांचे डीलरही ऑपरेटरना शिकवतात. फी भरण्याआधी एकच विचार: प्रत्यक्ष सीटवर किती तास बसवणार? दिवसभर स्लाइड दाखवून सर्टिफिकेट देणारा असला तर तिथून उठ.

तुझं डिझेल मेकॅनिक वाया जाणार नाही. ज्याला हायड्रॉलिकची गळती डोळ्यानं कळते त्या ऑपरेटरला सगळीकडं मागणी आहे.

राधानगरीची_आक्का

बहिणीला सांग, बिनधास्त शिक. या गाड्यांना ताकद लागत नाही, नजर आणि संयम लागतो. अडचण येते ती रात्रपाळी, बाथरूम आणि लोकांच्या नजरांची. नोकरी धरताना तिथं बायकांसाठी बाथरूम कुठं आहे हे आधी विचारायचं, लाजायचं नाही.

खडीमशीन

सेफ्टी_शूजचा प्रश्न काल मी माझ्या माणसांना विचारला. तारेला लागलं तर काय करायचं? चौघांपैकी तिघं म्हणाले उडी मारून पळायचं. चौथीवाला म्हणाला आत बसायचं. त्याला कुणीतरी फार पूर्वी एका धरणाच्या कामावर सांगितलेलं. बाकीच्या तिघांना त्यानंच समजावलं.

म्हणून विचारतो, आम्हा खडीवाल्यांना नेमकं काय लागू होतं?

काळाकोट

दगडाच्या खाणीला खाण अधिनियम, १९५२ लागू होता, आता तो व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेलाय. लहान उघड्या खाणींना त्या अधिनियमात बरीच सूट होती: खोली कुठंही सहा मीटरच्या वर नाही, एका दिवशी पन्नासच्या वर माणसं नाहीत आणि स्फोटकं वापरत नाही, अशा तिन्ही अटी एकदम पाळल्या तर. तुम्ही ब्लास्टिंग करत असाल तर सूट गेली असं धरा. मग खाण सुरक्षा महासंचालनालय, व्यावसायिक प्रशिक्षणाचे १९६६ चे नियम, सगळं येतं. खाणीत अठराच्या आतलं कुणी कामाला लावता येत नाही. आता संहितेनंतर कुठलं कलम कुठं गेलं हे एखाद्या खाण अभियंत्याला बसवून नीट बघून घ्या, इथल्या प्रतिसादावर विसंबू नका.

डिझेलदादा

खडीमशीन, कायद्याच्या आधी एक काम करा. डंपर जिथं कड्याजवळ रिकामा होतो तिथं मातीचा बांध आहे का? चाकाच्या निम्म्या उंचीचा तरी पाहिजे. पावसाळ्यानंतर तो वाहून गेलेला असतो आणि कुणी परत घालत नाही. आणि माणूस मागं उभा राहून 'येऊ दे येऊ दे' करतो, ते बंद करा. त्यानं ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असं बाजूला उभं राहायचं. तो आरशातनं दिसेनासा झाला की ड्रायव्हरनं गाडी थांबवायची, हा नियम.

खडीमशीन

बांध आहे, पण खालच्या बाजूला बसलाय. उद्या सकाळी पोकलेन पहिल्यांदा तिथंच लावतो.

साच्यातली_माती

एक विमा आणि भरपाईचं विचारायचं होतं. मीटिंगमध्ये हाच मुद्दा चालेल असं वाटतंय. आमचे बहुतेक कामगार ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) आहेत, काही कंत्राटी मात्र त्यात नाहीत.

काळाकोट

पैशाचं सांगतो. ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराला कामावरच्या अपघाताचे लाभ तिथून मिळतात. जे त्यात नाहीत त्यांच्यासाठी कर्मचारी भरपाईचा कायदा. १९२३ चा मूळ कायदा, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयानुसारचा गुणक, आणि ही जबाबदारी मालकाची. त्याला लायसन नव्हतं, त्याची चूक होती, असं म्हणून मालक सुटत नाही. कंत्राटी आहे म्हणूनही सुटत नाही, मुख्य मालकाकडनं वसुली होते.

मोटार विम्यात आणखी एक गाठ आहे. आवारात झालेला अपघात 'सार्वजनिक ठिकाणी' धरायचा का, यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९८८ मध्ये व्यापक अर्थ घेतला. जिथं लोकांना प्रवेश मिळतो, मग तो गेटपास दाखवून का असेना, अशी खाजगी जागाही विम्याच्या प्रकरणात सार्वजनिक ठरू शकते. तुमच्या गेटातून रोज वाहतूकदार, भंगारवाले, गिऱ्हाइकांचे इन्स्पेक्टर आत येतात ना? मग 'आमचं आवार खाजगी' या वाक्यावर फार भिस्त ठेवू नका.

आणि फौजदारी. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, बेदरकार वाहन चालवण्याचं, ते सार्वजनिक मार्गापुरतं आहे. पण निष्काळजीपणानं मृत्यूचं कलम १०६ कुठंही लागू होतं. त्याला गेट ओळखत नाही. पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि तपास करणारा अधिकारी पहिल्यांदा विचारतो, 'याला कुणी बसवलं, आणि शिकवल्याचा कागद कुठं आहे?'

पंचगंगाकाठ

हा प्रतिसाद छापून नोटीस बोर्डावर लावण्यासारखा आहे. वाचनखूण साठवली.

साच्यातली_माती

मंडळी, उशिरा लिहितेय. परवा मीटिंग झाली. काळाकोट साहेबांचे आणि सेफ्टी_शूज यांचे मुद्दे मी माझ्या शब्दांत मांडले. सुरुवातीला "एवढं कशाला" झालं. मग रस्ता ओलांडण्याचा विषय काढला आणि सगळे गप्प झाले, कारण गेल्या पावसाळ्यात तिथंच एक दुचाकीवाला फोर्कच्या टोकाला चाटून गेला होता. फोर्क छातीच्या उंचीवर होते. चालताना ते जमिनीपासून वीतभरच वर ठेवायचे असतात हे मामांना माहीत आहे, पण त्या दिवशी मामा सुट्टीवर होते आणि दुसराच कुणी चालवत होता. त्याला हे कुणीच सांगितलेलं नव्हतं.

ठरलं असं. पॅटर्नची ने-आण फोर्कलिफ्टनं बंद, त्यासाठी नोंदणी असलेला छोटा टेम्पो. पोराला लगेच बसवायचं नाही. मामांची निवृत्ती झाली तरी त्यांना तीन महिने मानधनावर ठेवून शिकवायला लावायचं, हे मालकांनी स्वतःहून सुचवलं, मला फार बरं वाटलं. डीलरकडनं ट्रेनर बोलावतोय. पोराला ट्रॅक्टरचं लायसन काढायचा खर्च कंपनी करणार. किल्ली माझ्या टेबलाच्या कप्प्यात, सही करून न्यायची.

एक गोष्ट अजून अडलीय. आमच्याकडं कधी कधी वितळलेल्या लोखंडाचं लाडल (भांडं) फोर्कलिफ्टनं हलवतात. त्याचं प्रशिक्षण वेगळं द्यावं का?

सेफ्टी_शूज

वेगळंच द्यावं, आणि सगळ्यात शेवटी, तेही सर्वांत अनुभवी माणसालाच. साधारण चौदाशे अंशांचं लोखंड पाण्याच्या थेंबावर सांडलं की त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि लोखंड स्फोटासारखं उडतं. त्यामुळं वाटेवर पाणी, ओली वाळू, तेल काही नको. वाट पिवळ्या पट्ट्यांनी आखून घ्या, लाडल निघालं की त्या वाटेवर दुसरं कुणी नको, आणि ड्रायव्हरच्या समोर उष्णतेची ढाल पाहिजे. लाडल फोर्कवर नुसतं टेकवून नेत असाल तर ते आजच थांबवा, फोर्कला कुलूप बसणारं जोडसाधन लागतं. जमत असेल तर हे काम ओव्हरहेड क्रेनकडं द्या. नव्या पोराला पहिलं वर्षभर लाडलच्या जवळ फिरकू देऊ नका.

नवशिका

ताई, कार्डावर नेमकं काय लिहिलं ते इथं टाकाल का? आमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपला द्यायचंय.

साच्यातली_माती

हो. नाव, फोटो, जन्मतारीख, रक्तगट. यंत्र: डिझेल फोर्कलिफ्ट, ३ टन, आमचा यंत्र क्रमांक. कुठं: कच्चा माल यार्ड आणि डिस्पॅच, फर्नेस विभागात मनाई. कुणी शिकवलं, कुणी परीक्षा घेतली, दोघांच्या सह्या. डोळे तपासणीची तारीख. मुदत एक वर्ष. मागच्या बाजूला तीन ओळी: फोर्कवर माणूस उचलायचा नाही, भरलेली गाडी उतारावरून रिव्हर्समध्येच उतरवायची, समोरचं दिसत नसेल तर रिव्हर्स चालवायची किंवा सिग्नलवाला घ्यायचा. अपघात किंवा थोडक्यात टळलेली घटना झाली की कार्ड परत घ्यायचं आणि पुन्हा परीक्षा, हे पर्थकरांच्या प्रतिसादातून उचललं.

डिझेलदादा

एक ओळ वाढवा ताई: गाडी सोडताना फोर्क जमिनीला टेकवायचे, हँडब्रेक ओढायचा, किल्ली काढायची. आणि परीक्षेच्या दिवशी मला बोलवा, मी उजळाईवाडीत राहतो, चालत येण्यासारखं आहे. पैसे नकोत. रिकामे ड्रम ओळीनं लावून ठेवा, मधनं रिव्हर्स काढायला लावतो. मामा असतीलच, दोघं मिळून बघू पोराला.

साच्यातली_माती

दादा, नक्की. तारीख ठरली की निरोप पाठवते. ड्रम आहेत आमच्याकडं भरपूर.